स्वप्नांची कचेरी आणि सीमेवरचा कथाकार

इसवी सन १९२४ च्या ऑक्टोबर महिन्यात पॅरिस शहरातील ग्रेनेल रस्त्यावर, पंधरा क्रमांकाच्या घरात, एक विलक्षण कचेरी उघडण्यात आली. कचेरी म्हटली की टेबल, खुर्च्या, टपाल आणि वह्या ह्या गोष्टी ओघानेच आल्या. त्या तेथेही होत्या. परंतु येणाऱ्याने तेथे सादर करावयाचे ते अर्ज किंवा दाखले नव्हेत, तर आपली स्वप्ने, आपले भास, आपल्या आयुष्यात घडलेले चमत्कारिक योगायोग. काही तरुण कवी आळीपाळीने तेथे बसत आणि आलेल्या गेलेल्याची नोंद ठेवीत. कचेरीचे नाव होते अतिवास्तव संशोधन कचेरी. ती उघडल्यावर चारच दिवसांनी आंद्रे ब्रेताँ ह्या अठ्ठावीस वर्षांच्या कवीचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला, आणि ज्याला पुढे सररिअ‍ॅलिझम किंवा मराठीत अतिवास्तववाद म्हणू लागले, त्या चळवळीचा रीतसर जन्म झाला. कचेरी मात्र फार दिवस चालली नाही. थोड्याच महिन्यांत तिचे दार सर्वसामान्यांना बंद झाले. स्वप्नांचे दप्तर ठेवणे हे सोपे काम नव्हे, हे चालकांना लौकरच उमगले असावे.

ह्या घटनेच्या पंधरा महिने अगोदर, १० जुलै १९२३ रोजी, बेळगाव जिल्ह्यात चिकोडी तालुक्यातील एकसंबा ह्या गावी गुरुनाथ आबाजी कुलकर्णी ह्यांचा जन्म झाला. मराठी वाचक त्यांना जी. ए. कुलकर्णी म्हणून ओळखतात. पॅरिसची कचेरी आणि एकसंब्याचे घर ह्यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. तरीही अतिवास्तवाने आपल्याकडे कोठे मूळ धरले ह्याचा शोध घेऊ लागले की पाऊलवाट मुंबईच्या चित्रदालनांतून निघून फिरत फिरत ह्याच मुलुखात येऊन थांबते. असे का व्हावे, हे पाहण्यासाठी आधी मूळ चळवळीकडे गेले पाहिजे.

पहिल्या महायुद्धाने युरोपातील तरुण पिढीचा बुद्धीवरचा विश्वास उडविला होता. शास्त्र, तर्क आणि सुसंस्कृतपणा ह्यांचा अभिमान बाळगणाऱ्या राष्ट्रांनीच परस्परांची तरुण मुले खंदकात घालून मारली. ब्रेताँने ह्या युद्धात इस्पितळातील मदतनीसाचे काम केले होते. १९१६ साली सँ-दिझिए येथील मनोरुग्णांच्या केंद्रात आघाताने भ्रमिष्ट झालेले सैनिक त्याने जवळून पाहिले. त्यांची बडबड ऐकताना त्याला त्या बडबडीत एक झपाटून टाकणारी प्रतिमासृष्टी आढळली. स्वप्नांचा अर्थ उलगडणारा फ्रॉइडचा ग्रंथ शतकाच्या आरंभीच प्रसिद्ध झाला होता. त्याच १९१६ साली झुरिकमध्ये काही निर्वासित कलावंतांनी दादा नावाचा धुडगूस सुरू केला होता. ‘सररिअ‍ॅलिस्ट’ हा शब्द १९१७ मध्ये अपोलिनेर ह्या कवीने घडविला. म्हणजे दारू ठासलेली होती, वातही लावलेली होती. ब्रेताँने काडी ओढली.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते : मनुष्याच्या जागृत मनावर तर्क, नीती आणि रूढी ह्यांचा पहारा असतो. तो पहारा उठवून नेणिवेला मोकळे बोलू दिले, तर स्वप्न आणि जागृती ह्यांच्यातील भिंत कोसळेल आणि त्यांतून अधिक मोठे असे एक वास्तव हाती लागेल. अतिवास्तव ह्या शब्दाचा अर्थ वास्तवाला सोडून जाणे असा बरेच जण करतात. तो बरोबर नाही. वास्तवात स्वप्नाची भर घालून ते पुरते करणे, असा तो अर्थ आहे. १९१९ मध्येच ब्रेताँ आणि फिलिप सूपो ह्यांनी विचार न करता, थांबता न येता, हात चालेल तसे लिहीत जाण्याचा प्रयोग केला होता. त्याला स्वयंलेखन म्हणत.

चित्रकलेत हा विचार शिरला तेव्हा त्याला दोन वाटा फुटल्या. पहिली वाट स्वयंलेखनाची. आंद्रे मासाँ हात मोकळा सोडून रेघा ओढी आणि मागाहून त्यांत मासे, पक्षी, जखमा शोधी. माक्स अर्न्स्ट ह्याने १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल घासली. आपल्याकडील मुले नाण्यावर कागद ठेवून हाच खेळ खेळतात. मुलांना नाण्याचा छाप मिळतो; अर्न्स्टला लाकडाच्या रेषांतून अरण्ये आणि श्वापदे मिळाली.

दुसरी वाट उलट दिशेची. साल्वादोर दाली आणि रने माग्रीत ह्यांनी हात मोकळा सोडला नाही. उलट जुन्या गुरूंकडून शिकलेली वास्तव चित्रणाची सारी शिस्त वापरून त्यांनी अशक्य गोष्टी रंगविल्या. दालीचे १९३१ सालचे वितळलेल्या घड्याळांचे चित्र जगभर माहीत आहे. त्याची छायाचित्रे पाहून ते भिंतीएवढे असेल असे वाटते. प्रत्यक्षात ते अवघे २४ सेंटिमीटर उंच आणि ३३ सेंटिमीटर रुंद आहे, शाळेच्या चित्रकलेच्या वहीहून मोठे नव्हे. फांदीवर वाळत घातलेल्या कापडासारखी घड्याळे लोंबत आहेत. परंतु पाठीमागचे खडक मात्र स्वप्नातले नव्हेत. ते दालीच्या स्वतःच्या मुलुखातील, कॅटलोनियाच्या किनाऱ्याचे आहेत. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. माग्रीतने १९२९ मध्ये एक सुबक पाइप काढला आणि त्याच्याखाली, हा पाइप नव्हे, असे शाळामास्तरी वळणाच्या अक्षरात लिहून ठेवले. पाहणारा आधी हसतो आणि मग गप्प होतो.

ही केवळ चित्रांची टूम नव्हती. स्वप्न मोकळे करावयाचे ते माणूस मोकळा करण्यासाठी, ही ह्या मंडळींची प्रतिज्ञा होती. त्यापायी ब्रेताँ १९२७ मध्ये फ्रेंच कम्युनिस्ट पक्षात गेला आणि १९३३ मध्ये तेथून हाकलला गेला. १९३८ मध्ये तो मेक्सिकोत ट्रॉट्स्कीला भेटला. पक्षाने त्याला काढले, तसे त्यानेही आपल्या गोटातून अनेकांना काढले. स्वातंत्र्याचा एवढा उच्चार करणाऱ्या चळवळीत बहिष्काराचे हत्यार इतक्या वेळा उपसले जावे, हे त्या काळाचेच एक विनोदी दुःख होय. १९३६ मध्ये लंडनला चळवळीचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रेताँ, अर्न्स्ट, मासाँ हे न्यूयॉर्कला गेले आणि त्यांच्या सहवासातून तेथील तरुण चित्रकारांना, अर्शिल गॉर्की आणि जॅक्सन पोलॉक ह्यांच्यासारख्यांना, स्वयंचित्रणाचा मंत्र मिळाला. १९६६ मध्ये ब्रेताँ वारला आणि १९६९ मध्ये पॅरिसच्या गटाने आपले विसर्जन केले.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईत १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे ह्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप काढला. त्यांना नव्या युरोपीय कलेची ओळख करून देणाऱ्यांत लँगहॅमर, फॉन लायडन आणि श्लेसिंगर हे नाझी संकटामुळे युरोप सोडून आलेले रसिक होते. ते मध्य युरोपातील, जर्मन भाषेच्या संस्कृतीतील. साहजिकच मुंबईला त्यांच्याकडून मिळाली ती मुख्यतः अभिव्यक्तिवादाची दीक्षा : जाड रेषा, भडक रंग, विरूप केलेली मानवाकृती. पॅरिसचे स्वप्नशास्त्र ह्या मार्गाने फारसे आले नाही.

दुसरे कारण साहित्यातील आहे आणि ते अधिक खोल आहे. मराठी नवकवितेचे प्रवर्तक बाळ सीताराम मर्ढेकर १९३० च्या सुमारास लंडनला होते आणि पुढे त्यांनी दीर्घकाळ आकाशवाणीची सेवा केली. १९४७ च्या ‘काही कविता’ ह्या त्यांच्या संग्रहात एकमेकांशी न जुळणाऱ्या प्रतिमा अशा काही आदळतात की त्यांवर खटला भरला गेला. परंतु हेच मर्ढेकर सौंदर्यशास्त्र लिहावयास बसले की संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयीच्या तत्त्वांची मांडणी करतात. कलाकृती म्हणजे काटेकोर घाट, असे त्यांनी एका पिढीला पटवून दिले. हात चालेल तसे लिहा, ह्या उपदेशाला त्या विचारात जागाच नव्हती. मराठी नवसाहित्याने अतिवास्तवाची प्रतिमा घेतली आणि तिची पद्धत दाराबाहेर ठेवली.

अपवाद होते. कोल्हापुरात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले अरुण कोलटकर ह्यांच्या सुरुवातीच्या मराठी कवितेत अतिवास्तवाचा प्रभाव उघड आहे. १९५४ मध्ये निघालेल्या ‘शब्द’ ह्या चक्रमुद्रित अनियतकालिकाशी त्यांचा आणि दिलीप चित्रे ह्यांचा संबंध होता. त्या कविता ग्रंथरूपाने मात्र १९७७ मध्ये आल्या. चित्रकलेत नाव घ्यावयाचे ते प्रभाकर बरवे ह्यांचे. १९३६ मध्ये नागाव येथे जन्मलेल्या बरव्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, काशीला काही वर्षे काढली, आणि मग घड्याळ, पान, ढग, टाचणी ह्या रोजच्या वस्तू सपाट, शांत अवकाशात अशा ठेवल्या की त्या आपसात काही कुजबुजत आहेत असे वाटावे. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे १९९० चे पुस्तक चित्रकाराने मराठीत लिहिलेल्या उत्तम पुस्तकांपैकी एक आहे. दालीचा आरडाओरडा बरव्यांत नाही. त्यांचे नाते असलेच तर माग्रीतशी आहे, आणि तेही दुरून.

बेळगावच्या चित्रकारांनी काय केले? त्यांनी हा पाहुणा घरात घेतलाच नाही. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंतचा हा पट्टा आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर ह्यांच्या परंपरेतला. निसर्गचित्र आणि व्यक्तिचित्र ही त्याची दोन दैवते. बेळगावात के. बी. कुलकर्णी ह्यांनी ‘चित्रमंदिर’ चालविले आणि तेथे डोळ्याला जे दिसते ते प्रामाणिकपणे आणि गोडव्याने उतरविण्याचे शिक्षण दिले. ह्या शाळेतून गेलेले रवी परांजपे (१९३५–२०२२) पुढे बोधचित्रकार म्हणून देशाबाहेरही गाजले. आणि त्यांनी आधुनिकतावादी कलेवर आयुष्यभर लेखणीनेही टीका केली. ह्याला मागासलेपण म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. ज्या कारागिरीच्या जोरावर दालीने घड्याळे वितळविली, ती कारागिरी बेळगावात मुबलक होती. नव्हती ती तिच्यावर रागावण्याची इच्छा. ज्या समाजाने आपली कसलेली कला नुकतीच, आणि कष्टाने, मिळविली आहे, त्याने ती लगेच उधळून का द्यावी? पॅरिसच्या तरुणांना चार शतकांच्या वैभवाचा कंटाळा आला होता. बेळगावला कंटाळा येण्याइतके वैभव मिळालेच नव्हते.

साहित्यातही ह्या भागाची सरळ वाट वास्तवाचीच होती. निपाणीत पिठाची गिरणी चालवून लेखन करणारे महादेव मोरे (निधन २०२४) ह्यांनी तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया, गॅरेजमधील मिस्त्री, टॅक्सीवाले ह्यांच्या कथा त्यांच्याच बोलीत लिहिल्या. तंबाखूचा खकाणा ज्यांच्या नाकातोंडात गेला आहे अशांनाच त्या लिहिता याव्यात.

आणि निपाणीपासून फार दूर नसलेल्या एकसंब्यात जन्मलेल्या, बेळगावात वाढलेल्या आणि धारवाडच्या जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकविण्यात जन्म घालविलेल्या जी. एं.नी अगदी दुसरे टोक गाठले. ते हौसेने चित्रेही काढीत. त्यांच्या पहिल्या संग्रहांत, ‘निळासावळा’ (१९५९) पासून ‘रक्तचंदन’ (१९६६) पर्यंत, हा मुलूख डोळ्यांपुढे उभा राहतो : कौलारू घरे, चिवट पाऊस, कानडी हेलाचे मराठी बोलणारी, आतल्या आत जळणारी माणसे. पण तेव्हाही त्यांची नजर कथानकापेक्षा चित्रावर अधिक खिळलेली दिसते. एखादा रंग, एखादा पक्षी, एखादी जखम पानावर अशी उमटते की माणसाचे सारे प्राक्तन तिच्यात गोळा व्हावे. ‘काजळमाया’ (१९७२) पासून हा कल वाढत जातो आणि १९७५ च्या ‘रमलखुणा’ व ‘सांजशकुन’ ह्या पुस्तकांत ओळखीचा मुलूख जवळजवळ नाहीसा होतो. ‘इस्किलार’सारख्या कथेतील वाळवंटे आणि मंदिरे कोणत्याही नकाशात सापडत नाहीत. ‘सांजशकुन’मधील लहान लहान रचना तर कथा म्हणाव्यात की शब्दांनी रंगविलेली चित्रे, असा प्रश्न पडतो.

ह्यामुळे जी. एं.ना अतिवास्तववादी म्हणावे काय? ते कोणत्याही पंथाचे नव्हते. जाहीरनाम्यावर सही करणे तर दूरच, सभासंमेलनांनाही ते टाळीत. १९७३ चा साहित्य अकादमीचा पुरस्कारही त्यांनी परत केला. तेव्हा नाव चिकटविण्यात अर्थ नाही. परंतु स्वप्नाच्या तर्काने चालणारी, डोळ्यांनी पाहिल्यासारखी स्पष्ट आणि तरीही अशक्य अशी सृष्टी मराठीत सर्वांत समर्थपणे कोणी उभी केली, ह्या प्रश्नाला दुसरे उत्तर नाही. बेळगावच्या चित्रकारांनी जे केले नाही ते बेळगावच्या कथाकाराने केले, आणि तेही दालीच्याच वाटेने : हात मोकळा सोडून नव्हे, तर वाक्य न् वाक्य घडवून.

फरक आहे तो येथून पुढे. ब्रेताँचा योगायोगांवर फार विश्वास होता. रस्त्यात अचानक भेटलेली स्त्री, जुन्या बाजारात सापडलेली वस्तू, ह्या त्याला खुणा वाटत. १९२८ च्या ‘नाद्जा’ ह्या पुस्तकाचा विषय तोच आहे. ह्या खुणा माणसाला प्रेमाकडे आणि मुक्तीकडे नेतात अशी त्याची श्रद्धा होती. जी. एं.नीही आपल्या पुस्तकाला खुणांचेच नाव दिले. पण त्या रमलाच्या खुणा आहेत. रमल म्हणजे फासे टाकून भविष्य सांगण्याची विद्या. फासा पडला की पडला. तो वाचता येतो, बदलता येत नाही. त्यांच्या प्रवाशांनाही खुणा भेटतात, कोडी घातली जातात, दारे उघडतात, आणि प्रत्येक दार त्यांना ठरलेल्या जागीच नेऊन सोडते. आपल्या संतांच्या कूटरचनेतही अशक्य गोष्टी घडतात, पण कुटाला उत्तर असते आणि ते उत्तर म्हणजे ब्रह्म. ब्रेताँच्या प्रतिमेला उत्तर नसते, आणि नसणे हाच तिचा आनंद. जी. एं.च्या कुटाला उत्तर आहे, पण ते कळण्याची वेळ आणि संपण्याची वेळ एकच असते. म्हणजे पॅरिसहून निघालेल्या बंडाचे येथे नियतीशी लग्न लागले. चळवळीच्या अभिमान्यांना हा तिचा पराभव वाटेल. बंड गेले हे खरेच. पण त्याच्या जागी जे आले ते उसने नव्हते.

ह्या पलायनाबद्दल त्यांना दोषही देण्यात येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला. मोर्चे, सत्याग्रह, लाठ्या आणि गोळ्या ह्या भागाने पाहिल्या. त्याच काळात कानडी मुलुखात राहून मराठीत लिहिणारा हा लेखक नकाशाबाहेरच्या देशांची वर्णने करीत बसला! ज्याचा स्वतःचा प्रदेश नकाशावर वादात होता, त्याने नकाशाच टाकून दिला, असे ह्यावर सफाईदार उत्तर देण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. तसा काही पुरावा त्यांच्या कथांत नाही. दोष देणाऱ्यांना एवढेच सांगता येईल की निपाणीच्या वखारीतले सत्य मोऱ्यांनी सांगितले, ते जी. एं.ना सांगता आले नसते; आणि बंद खोलीत सापडलेल्या माणसाचे सत्य सांगण्यास वखारीची बोली अपुरी पडली असती.

ही बंद खोली ‘स्वामी’ ह्या कथेत आहे. १९७७ च्या ‘पिंगळावेळ’मध्ये ती वाचावयास मिळते. एक वाटसरू एका मठात जातो, त्याचे उत्तम स्वागत होते, त्याला गादीचा वारस ठरविण्यात येते, आणि हा मान म्हणजे भूमिगत खोलीतील आजन्म बंदिवास आहे हे त्याला दार बंद झाल्यावर समजते. मठ खरा वाटतो, स्वागताची भाषा खरी वाटते, जेवणाची ताटे खरी वाटतात. दालीच्या चित्रातील खडकांप्रमाणे सारे काही ओळखीच्या मुलुखातले आहे, आणि त्या ओळखीच्या वस्तूंच्या मधोमध अशक्य गोष्ट अगदी शांतपणे घडते. ब्रेताँच्या अनुयायाने येथे भिंत पाडली असती. जी. ए. भिंत तशीच ठेवतात. ते त्या कोंडलेल्या माणसाच्या हाती एक रोप देतात, आणि हवेसाठी ठेवलेल्या वाटेने त्याची वेल वर, उजेडाकडे, चढू लागते. माणूस खालीच राहतो.